लांबचं झाड

“बाई, पोरीचं नाव काढा. उद्यापासनं ती तुमच्या राईत येणार न्हाई.”

रवळू पाटील बालवाडीच्या दारात उभे राहून हे बोलले, तेव्हा मी पोरांची नाकं पुसत होते. मार्गशीर्षातली थंडी, सगळ्यांची नाकं एकदम वाहत होती. पाटलांच्या खांद्यावर त्यांची वैजू बसली होती. पायांत नवेकोरे काळे बूट, वर पांढरे मोजे. ते बूट बघितले आणि मला कळलं की हा माणूस विचारायला आलेला नाही, सांगायला आलाय.

“कुठं घालताय तिला?” मी विचारलं.

“गडहिंग्लजला. इंग्रजी शाळा हाय. जीपगाडी आता फाट्यावर येती. भोवतीनं भिंत हाय, गेटावर माणूस हाय.”

“तुरुंगालाही असतो.”

मी तोंडाची फटकळ, तेव्हाही होते आणि आजही आहे. पण पुढचं मला दिसत होतं. रवळू पाटील म्हणजे गावचे पोलिसपाटील. त्यांनी पोरगी काढली की त्यांची भावकी पोरं काढणार, भावकीनं काढली की बाकीचं गाव. मग राईतली माझी शाळा संपलीच. पोरं पुन्हा त्या देवळामागच्या खोलीत.

ती खोली मी विसरलेले नाही. आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. रवळनाथाच्या देवळामागं एकच खिडकी असलेली अंधारी खोली, तीच बालवाडी. पोरं दारातून आत आली की भोकाड पसरायची. एक रडलं की दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. मी टाळ्या वाजवत ‘एक चिमणी, दोन चिमण्या’ शिकवायचे आणि पोरं दाराकडे बघत बसायची. एका पावसाळ्यात कौलं फुटली, खोलीत तळं झालं. मी सगळ्यांना उचललं आणि देवळाच्या पलीकडच्या देवराईत नेऊन बसवलं. त्या दिवशी एकही पोर रडलं नाही. कौलं पुढं शाकारून झाली, पण आम्ही काही परत गेलो नाही.

राईला गावाचे नेम होते. राईच्या वेशीवर चपला काढायच्या. काडीही बाहेर न्यायची नाही. आणि आत मोठ्यानं बोलायचं नाही, देव निजलेला असतो. मला तर आयतंच सापडलं. पोरं वेशीवर हात जोडून गाऱ्हाणं घालायची, “रवळनाथा, आलो रे आम्ही. बघू आणि जाऊ. तुझं तुला ठेवू.” आणि कुजबुजत आत शिरायची. दुपारपर्यंत बिया वेचायच्या, त्यांचे ढीग लावायचे, मुंग्यांच्या मागं रांगायचं, पडलेल्या खोडावरून तोल सांभाळत चालायचं. नामू नावाचं एक पोर तोतरं बोलायचं, ते झाडांशी बोलता बोलता सुटं बोलायला लागलं. मारकुटी गोदी दुसऱ्याला हात देऊन ओढ्याच्या दगडांवरून पार करायला लागली. यातलं मी काही शिकवलं नव्हतं. मी नुसती बसून असायचे, आणि वेळ पडली तर जीभ आवरायचे. माझ्यासाठी तेच मोठं काम होतं.

प्रत्येक पोराचं एक झाड ठरलेलं होतं. त्याला पोरं ‘मामा’ म्हणायची. नामूचा मामा जांभूळ, गोदीचा मामा हिरडा. मी पदर डोक्यावर घेतला की हातातलं टाकून, न पळता, मुंगीच्या पावलानं आपल्या मामाकडं जायचं, त्याला मिठी मारायची आणि पदर खाली येईपर्यंत गप्प. साप दिसला, जनावर आलं, नाहीतर नुसताच पोरांचा गोंधळ वाढला तरी मी पदर घ्यायचे. खेळ म्हणून शिकवलेलं, त्यामुळं पोरांना त्याची गोडी होती.

सगळ्यांना होती, फक्त वैजूला नव्हती. तिची आई ती रांगत असतानाच तापानं गेली. तेव्हापासून पाटलांनी तिचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता. बालवाडीत आली तीच मुळी खांद्यावरून. खाली उतरली की माझ्या पदराचं टोक मुठीत धरायची आणि घरी जाईपर्यंत सोडायची नाही. बी उचलायची नाही, चिखलाला बोट लावायची नाही, बोलायची तर जवळजवळ नाहीच. मी तिला राईतला सगळ्यात थोराड मामा दिला होता, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन. तिनं त्याला कधी हात लावला नाही. मी पदर डोक्यावर घेतला की तिच्या मुठीतलं टोक सुटायचं, आणि ती जिथल्या तिथं थरथरत उभी राहायची.

खरं सांगायचं तर मनातून मी तिच्यापुढं हात टेकले होते. या पोरीच्या बाबतीत पाटलांचंच खरं असेल, असं मला अधूनमधून वाटायचं. पण तोंडानं कबूल करेन तर मी कसली!

“पाटील, वर्षभर पोरगी पाठवलीत, एकदा तरी आत येऊन बघितलंत? हातच्या काकणाला आरसा कशाला? आजचा दिवस चला आमच्याबरोबर. मग खुशाल न्या.”

“माझ्या थोरल्या भावाला गव्यानं कुठं उडवला ठाऊक हाय न्हवं? राईच्या खालच्या उसात. दोन वर्षं झाली, अजून खाटेवर हाय. मला बघाया नगं काय.”

“मग काठी घेऊन या.”

ते घुमे माणूस. घरून काठी घेऊन आले आणि म्हणाले, “चला.”

वेशीवर त्यांनी वहाणा काढल्या. वैजूचे बूट मात्र पायातच राहू दिले, ती खांद्यावर होती ना. मी म्हणाले, “राईत बूट चालत नाहीत. खांद्यावरचे पण नाहीत.” नाइलाजानं त्यांनी तिला खाली उतरवलं, बूट-मोजे काढले आणि वहाणांशेजारी ठेवले. उतरल्याबरोबर वैजूनं माझा पदर धरला. पाटलांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

आत मधोमध एक मोकळवण आहे. खालच्या अंगाला राई संपते तिथून ऊस लागतो, वरच्या अंगाला कारवीचं दाट रान आणि मग डोंगर. मोकळवणाच्या कडेनं पोरांचे मामा. पाटील मधे काठी टेकून उभे राहिले. अंगावर जाडजूड घोंगडी, मिशीवर दव. पोरं त्यांना बिचकली नाहीत. नामूनं त्यांच्या हातावर कसलंसं किडकं पान ठेवलं आणि कुजबुजला, “ह्याला आतनं खाल्लंय. आळी मोठी हुती.”

“कशावरनं?” पाटलांनी नकळत विचारलं.

“भोक मोठं हाय न्हवं!”

पाटलांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मला वाटलं, जमतंय. मग त्यांनी मान वळवून माझ्या पदराला लटकलेल्या वैजूकडं बघितलं. “आणि ही?”

मी वैजूला पुढं करायला गेले, ती पदराआड सरकली.

“वर्षात माझी पोरगी पदर धराया शिकली व्हय?”

तोंडात आलं होतं ते मी गिळलं. जन्मात अशी वेळ माझ्यावर फार वेळा आलेली नाही. खाली वाकून पोरांनी लावलेला बियांचा ढीग नीट करायला लागले.

तेवढ्यात कारवी वाजली.

वारा नव्हता. कारवीचा एक पट्टा बाजूला झाला आणि गव्याची गाय बाहेर आली. काळीभोर, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आमच्यापासून देवळाच्या अंगणाएवढ्या अंतरावर ती थांबली. रात्रभर गवे उसात उतरतात आणि उजाडायच्या आत डोंगरात परततात. उन्हं झाडांत आल्यावर गवा राईत दिसला असं मी कधी ऐकलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाटलांना मीच हट्टानं आत आणलं होतं.

मी पदर डोक्यावर घेतला.

पोरं उठली. एकानंही आवाज केला नाही. बिया जागच्या जागी टाकल्या आणि टाच न टेकवता एकेक जण आपल्या मामाकडं निघालं. मला बरं वाटतंय न वाटतंय तोच पाटलांनी काठी उगारली आणि छातीच्या भात्यातून आवाज काढला, “हाऽऽड्! हाऽऽ!”

राईत असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. झाडावरचे पारवे उडाले.

पाटलांची चूक नव्हती. रात्री शेतातल्या माळ्यावर बसून डबे वाजवत, हाकारे देत गवे हाकण्यात त्यांचा जन्म गेला होता. उसात ओरडलं की गवा रानात पळतो. पण इथं तो रानातच होता. आणखी कुठं जाणार?

गाय पळाली नाही. तिनं डोकं खाली घातलं आणि नाकातून हवा सोडली, लोहाराच्या भात्यासारखी. तिची नजर पाटलांच्याही पलीकडं होती. मी हळूच मान वळवली. खालच्या अंगाला, उसाच्या बांधावर तिचं वासरू उभं होतं. तांबूस, लटपट्या पायांचं. रात्री मागं राहिलेलं असणार. त्याच्यासाठीच ती थांबली होती. ती वर, ते खाली, आणि त्या दोघांच्या मधोमध माझी सगळी शाळा झाडांना मिठ्या मारून उभी.

पाटील आणखी एकदा ओरडले असते किंवा काठी फेकून मारली असती, तर ती वासराकडं सरळ रेषेत गेली असती. वाटेत काय आहे हे तिनं बघितलं नसतं. त्यांना गप्प करायला मला बोलावं लागणार, आणि मी बोलले तर पोरं हलणार. मी नुसता हात हलवला. पाटलांचं लक्षच नव्हतं. काठी हातात, डोळे गायीवर, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मोकळवणाच्या मधोमध ते एकटे उघडे उभे होते. भावाला उडवलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, ते सगळं त्या वेळी त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी भराभरा झाडं बघितली. जांभळाला नामू. हिरड्याला गोदी, डोळे घट्ट मिटलेले. आंब्याला, फणसाला, सगळ्यांना आपापली पोरं. मग माझा हात आपसूक पदराच्या टोकाकडं गेला. ते मोकळं लोंबत होतं. वैजू तिथं नव्हती.

ऐनाकडं बघितलं. ऐनालाही कोणी नव्हतं.

पोर बिथरून पळालं, खाली वासराकडं गेलं, आता सगळं संपलं, एवढंच डोक्यात. आणि मग ती दिसली.

ती मोकळवणातून चालत होती. अनवाणी, बोटं आधी टेकवत, मुंगीच्या पावलानं. आम्ही ते चालणं शेकडो वेळा केलं होतं आणि तिनं एकदाही केलं नव्हतं. नुसतं माझ्या पदराला लटकून बघितलं होतं. गाय तिच्याकडं बघत होती. मी हाक मारू शकत नव्हते, धावू शकत नव्हते. एवढी असहाय मी पुढं नवऱ्याच्या आजारपणातही झाले नाही.

ती बापापाशी पोचली. काठी नसलेल्या हाताचं बोट तिनं धरलं. पाटलांनी दचकून खाली बघितलं. त्यांचं तोंड उघडलं, पण वैजूनं आपल्या ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना ओढलं. ओढलं म्हणजे काय, शेरडाएवढं पोर, ते रेड्याएवढ्या माणसाला काय ओढणार! पण ते निघाले. तिच्या चालीनं, पाऊल चुकत, टाच टेकली की तिनं बोट दाबायचं, मग ते सावरायचे. काठी त्यांनी हळूच गवतात टेकवली आणि सोडून दिली.

ऐनापाशी आल्यावर तिनं त्यांच्या दोन्ही हातांचे तळवे एकेक करून सालीवर ठेवले. स्वतः त्यांच्या आणि झाडाच्या मधे शिरली आणि तिनंही मिठी मारली. राई इतकी गप्प होती की तिची कुजबुज मला इथवर ऐकू आली.

“गाल लाव.”

रवळू पाटलांनी ऐनाला गाल लावला.

मोकळवण रिकामं झालं. गाय थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं डोकं वर उचललं आणि घशातून हलकंसं हंबरली, आपल्या गोठ्यातल्या म्हशीसारखंच. वासरू बांधावरून उडी मारून आलं. गोदीच्या हिरड्याला घासून, नामूच्या जांभळाला वळसा घालून, मधल्या गवतातून तुरुतुरु आईकडं. गायीनं त्याला हुंगलं, एकदा चाटलं. दोघं कारवीत शिरली. कारवी वाजत वाजत वर गेली आणि मग वाजायची थांबली.

तरी कोणी हललं नाही. मला वाटलं पोरं भ्यायली. तेवढ्यात जांभळामागून नामूचा बारीक आवाज आला, “बाई, पदर.”

माझा हात पदरावर तसाच आवळून राहिला होता. मी तो खाली घेतला, आणि मग मला रडू आलं.

पाटील अजून ऐनाला धरून होते. खांदे हलत होते. वैजू त्यांच्या कुशीतून बाहेर आली, घोंगडी ओढून म्हणाली, “बाबा, सोड आता. गेली ती.”

त्यांनी झाड सोडलं आणि सवयीनं तिला उचलायला वाकले. ती मागं सरली.

“नगं. मी चालत येणार.”

माझ्याकडं न बघता पाटील निघून गेले. वैजू त्यांच्या पुढं चालत होती.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोरांना मी घरोघर सोडलं, आणि घडलं ते आयांना माझ्याच तोंडानं सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून मीठमसाला लागून जाण्यापेक्षा ते बरं. कोणी छातीवर हात ठेवला, कोणी नुसतंच “बरं” म्हणाली. ते ‘बरं’ मला जास्त लागलं. आणि पाटलांची बाजू मला आता खोडताही येत नव्हती. गवा आला होता, ही काही कल्पना नव्हती. वैजूनं केलं ते अंगावर काटा आणणारं होतं, पण कोणता बाप म्हणेल की माझ्या पोरीला असं पुन्हा करायला मिळू दे? मी पाटलांच्या जागी असते तर मीही पोरगी काढली असती.

सकाळी फाट्यावर गडहिंग्लजच्या जीपचा भोंगा वाजला. बराच वेळ वाजला. मग गाडी गेल्याचा आवाज आला. बालवाडीत निम्मीच पोरं आली होती, आणि वैजू आली नव्हती. मी हजेरी घेतली, तिच्या नावाशी थांबले नाही. वाटलं, आज खोलीतच बसावं. तेच ‘एक चिमणी, दोन चिमण्या’. पण नामूनं माझं बोट धरून दाराकडं ओढलं. झाडं वाट बघत असतील, म्हणाला. निघालो.

वेशीवर पोरं चपला काढायला वाकली आणि गोदी म्हणाली, “बाई, कोण तरी आलंय.”

तिथं मोठ्या वहाणांचा एक जोड होता. त्याच्याशेजारी नवेकोरे काळे बूट, त्यांत नीट घडी करून खोचलेले पांढरे मोजे.

गाऱ्हाणं घालून आम्ही आत गेलो. रवळू पाटील मोकळवणाच्या कडेला उभे होते. काठी नव्हती. मला बघून त्यांनी डोक्यावरचं मुंडासं उगाच सारखं केलं.

“बाई,” ते म्हणाले, आणि म्हणाले ते कुजबुजत, “पोरगी रातभर एकच म्हणत हुती. बाबाला मामा न्हाई. म्हटलं, इचारून बघू. मोठ्या माणसाला देता काय झाड?”

तोंडाची सवय थोडीच जाते! “नाव घालायला उशीर केलात, पाटील. चांगली चांगली झाडं गेली. उरलंय त्यातलं बघा.”

ते हसले. इकडं तिकडं फारसं न बघताच वैजूच्या ऐनाशेजारच्या किंजळीच्या झाडापाशी गेले. मनात ठरवूनच आलेले असणार. तिथून हात लांब केला असता तर ऐनाला लागला असता. त्यांनी किंजळीवर तळवा ठेवला आणि लेकीकडं बघितलं.

वैजू ऐनाला टेकून उभी होती. गालाला चिखल, मुठीत कसल्या तरी बिया. तिनं बापाकडं बघितलं, किंजळीकडं बघितलं आणि मान हलवली.

“ह्यो नगं, बाबा. लांबचा घे.”

“लांबचा कशाला?”

“मी चालत येणार की तुला बघाया.”

पाटलांनी किंजळीवरचा हात काढला. मग घोंगडी सावरली आणि टाच न टेकवता, एकेक पाऊल जपून टाकत, लांबचं झाड शोधायला निघाले.